बाबांच्या कूलरमधला एसी

गेल्या आठवड्यात आमच्या घरी एसी आला आणि घराचं रूप गेलं. आईला यंदाचा उन्हाळा सोसेना, म्हणून तिच्या खोलीत बसवला. पण त्याचं बाहेरचं धूड आलं पुढच्या ओट्यावर, थेट फाटकाकडे तोंड करून...

"घराला मुस्की बांधल्यासारखं दिसतंय," बायको म्हणाली.

मग झाकण्याचे प्रयोग. इंटरनेटवर लोक त्याच्यापुढे वेली सोडतात. आमचा मनीप्लँट त्या गरम झोतात दोन दिवसांत पापड झाला. जुनी साडी टाकून पाहिली, तर रस्त्यावरचा एकजण चक्क हात जोडून गेला.

त्याच गडबडीत भंगारवाला आला. गच्चीवरचा बाबांचा कूलर द्यायचाच होता. मुकुंदवाडीच्या वेल्डरकडून करून घेतलेला, मंगल कार्यालयाला पुरेल एवढा पत्र्याचा खोका. होळी झाली की बाबा त्याला निळा ऑइलपेंट द्यायचे, नवं गवत भरायचे... आणि त्या ओल्या गवताच्या वासात आम्ही सगळे एका सतरंजीवर आडवे. आवाज असा, की आमच्या घराण्याला ओरडून बोलायची सवय लागली ती तेव्हापासून.

"तो नाय द्यायचा," आई म्हणाली.

"अगं, बंद पडलाय. ठेवायचा कुठं?"

आई पत्र्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. बाबांना जाऊन वर्षही झालेलं नाही...

बायकोनं आईकडे पाहिलं, मग ओट्याकडे. "अहो, हा एसीच्या त्या धुडावर बसेल की!"

भंगारवाला माझी रद्दी घेऊन गेला.

एसीच्या मेकॅनिकनं आधी डोकं खाजवलं. "सर, पुढून-मागून मोकळं पायजे, नायतर हवा कोंडंल." मग पंखा, गवत, टाकी सगळं काढलं. उरला सांगाडा आणि बाजूच्या झडपा. आईनं निळाच रंग आणायला लावला.

काल संध्याकाळी समोरचे शेखचाचा फाटकाशी थांबले. बाबांचे जुने दोस्त.

"भाभी, नळाला आठवड्यानं पाणी येतंय अन् तुम्ही कूलर लावून बसले? वो थे तब बात अलग थी, टँकरवाला उनका यार था!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. आईनं डोळ्यांनीच गप्प केलं.

"ह्यांचाच आहे, भाईसाब. चालतोय अजून."

चाचा ओट्यापर्यंत आले. गरम हवेचा झोत थेट त्यांच्या तोंडावर... दाढी उडत होती, कपाळावर घाम आला. ते एकदा त्या निळ्या पत्र्याकडे, एकदा आईकडे बघत राहिले.

"हौ भाभी," ते म्हणाले, "वैसीच ठंडी हवा है."

आणि तिथंच उभे राहिले, चांगला वेळ.

लोकांच्या चुका काढण्यात माझा हात कोणी धरत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. काल मात्र मी आत गेलो आणि चाचांसाठी खुर्ची आणली.