अक्काचा इंग्रजी पिक्चर

शेजारच्या अक्काला इंग्रजीतलं ‘यस’ आणि ‘नो’ सोडून काही येत नव्हतं, आणि ती सांगायची तो एकमेव पिक्चर अख्खा इंग्रजीत होता. काळा-पांढरा, तलवारबाजीचा. तिच्या तरुणपणी सोलापुरातल्या एका टॉकीजला तो आठवडाभर लागला होता आणि अक्काने तो सातही दिवस पाहिला होता. पुढची चाळीस वर्षं तिने तो आमच्या गल्लीला दाखवला. मांडीवर विड्या वळायचं सूप, हातात तेंदूची पानं कापायची कात्री, आणि तोंड. एवढीच सामग्री.

आमची गल्ली विणकरांची. मागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे आवाज चढवावाच लागे, त्यामुळे अक्काचा पिक्चर चार घरांपलीकडेही ऐकू जाई. घरात ती तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी, भाजीवाल्याशी दखनी. पिक्चरमध्ये तिन्ही लागायच्या. जुलमी सुभेदार दखनीत डाफरायचा, त्याची पुतणी तेलुगूत लाजायची आणि नायक अस्सल सोलापुरी मराठीत उत्तरं द्यायचा.

हा नायक बड्या घरचा नाजूक मुलगा. दिवसा अत्तर लावून, रेशमी रुमाल हलवत फिरायचा. मांजर आडवं आलं तरी किंचाळायचा. संध्याकाळ झाली की तोच मुखवटा चढवून घोड्यावर बसायचा आणि सुभेदाराने डांबलेल्या गरिबांना सोडवून आणायचा.

“सगळ्या थेटराला ठाऊक हाय त्यो कोन हाय,” अक्का कात्री नाचवत म्हणायची, “फकस्त सुभेदाराला न्हाय! बाजूलाच बसून जेवतोय की त्यो!” इथे तिच्या विड्या थांबायच्या. आमच्या आया ओट्यावरून ओरडायच्या, “सांग की गं फुडं!”

पण हा पिक्चर गल्लीत दुसऱ्या कुणीच पाहिलेला नव्हता. नाव विचारलं तर म्हणायची, “नाव इंग्रजीत हुतं. मी पोस्टरवरचा घोडा बगितला आन तिकीट काढलं.” त्यामुळे हा पिक्चर अक्कानेच रचलाय, असं लोक हसून म्हणायचे. कॉलेजात गेल्यावर एकदा मीही तसंच म्हणून गेले. तिने सूप बाजूला ठेवलं. “तूबी? खोटं सांगते व्हय मी?” असं म्हणून ती उठून आत गेली. पुढे कितीतरी दिवस तिने कुणाला पिक्चर सांगितला नाही. मला माझीच लाज वाटत राहिली.

म्हणूनच आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबकडे जुन्या रिळांची एक यादी आली तेव्हा मी ती अधाशासारखी वाचली. नवव्या नंबरावर लिहिलं होतं: मुखवटा, घोडा, रेशमी रुमालवाला श्रीमंत मुलगा. मी पळतच गल्लीत आले. अक्काची ती जुनी टॉकीज कायमची बंद व्हायला आली होती. मालकांनी रविवारचा दुपारचा खेळ आम्हाला दिला. अक्का इरकली लुगडं नेसून, गजरा माळून आली आणि तिच्यामागे आमची अख्खी गल्ली.

दिवे मालवले. पडद्यावर धूळ उडवत घोडा आला आणि अक्काने माझं मनगट आवळलं. “ह्योच! ह्योच त्यो घोडा!” मग मागे वळून सगळ्या रांगेला म्हणाली, “बगा! खोटं सांगत हुते का मी?” अंधारातही तिचे डोळे चमकताना मला दिसत होते.

वीस मिनिटं झाली आणि खर्रकन आवाज गेला. पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवू लागली. शिट्ट्या, आरडाओरडा. मालक धावत आले आणि माझ्याजवळ वाकून म्हणाले, “आवाजाचं यंत्र जळालं ताई. आता आवाज येत नसतो. बंद करतो.” मला रडूच फुटायला आलं.

“बंद कशाला?” अक्का म्हणाली. “पिच्चर तर चालू हाय की.”

पदर खोचून ती थेट पडद्यापाशी गेली. सुभेदाराने तोंड उघडलं आणि थेटरात आवाज घुमला, “कौन है रे तू? मुखडा दिखा!” मुखवटेवाला हसला. अक्का म्हणाली, “दावतो की, घाई काय हाय? आदी पडलेली तलवार उचल!” पुतणीने धडधडत्या छातीवर हात ठेवून विचारलं, “नुव्वेवरु?” तेलुगूतलं हे ‘तू कोण?’ न कळणाऱ्यांनाही बरोबर कळलं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. शेवटच्या लढाईत तलवारींचा खणखणाट अक्का तोंडाने करत होती, टाळ्यांचा ठेका अख्खं थेटर धरत होतं, आणि मी गळा फुटेस्तोवर ओरडत होते.

मग नायकाने मुखवटा काढला. इथे दर वेळी अक्का सांगायची, की पुतणी दचकून मटकन खाली बसते. पडद्यावर तिचा चेहरा मोठा झाला आणि अक्का दोन पावलं मागे सरून तो निरखू लागली.

“थांबा,” ती हळूच म्हणाली. “चाळीस वर्सं मी चुकीचं सांगितलं. ही दचकली न्हाय. तोंड बगा की तिचं! हिला पयल्यापासनं ठाऊक हुतं. त्याची हौस मोडू नये म्हणून गप बसली बाई.”

अशा टाळ्या मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत.

पुढच्या वर्षी अक्काचे डोळे अधू झाले आणि लेक तिला वरंगळला घेऊन गेली. स्टेशनवर मी रडले. ती मात्र डब्यातल्या बाईला आपण थेटरात पिक्चरला आवाज कसा दिला ते सांगण्यात गुंगली होती.

गेल्या महिन्यात मला तो पिक्चर आवाजासकट मिळाला. दार लावून पाहिला. नायकाने मुखवटा काढला, पुतणी हसली आणि इंग्रजीत म्हणाली, पहिल्या भेटीतच मी तुला ओळखलं होतं. मी ताडकन उठले. पुन्हा लावून ऐकलं. मग वरंगळला फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं, “अक्का, तुझं बरोबर होतं! ती तेच बोलते!”



“मग? तोंडावर दिसत हुतं की,” अक्का म्हणाली. आणि फोन न ठेवताच तिने तिकडच्या शेजारणींना तेलुगूत हाका मारायला सुरुवात केली.