आमच्यासाठी विनती कर

आई गेल्यावर मी प्रार्थना करणं थांबवलं, आणि ते मला अगदी न्यायाचं वाटत होतं. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या घरात बाबा मच्छीमारांच्या लढ्याची पत्रकं आणायचे. ती वाचतच मी मोठी झाले. निवेदनं देऊनही दाद मिळत नसेल तर असहकार करायचा, हे त्यांतूनच शिकले. आईच्या आजारपणात ‘तिला बरं कर’ एवढं एकच मागणं मी रोज देवापुढे मांडलं होतं. दाद मिळाली नाही. मग देवाशीच असहकार.

आईला जाऊन महिना झाला त्या दिवशी घरी लदीन ठरलं. लदीनात एकजण पवित्र मरियेची आणि संतांची नावं घेतो आणि बाकीचे प्रत्येक नावाला ‘आमच्यासाठी विनती कर’ असं उत्तर देतात. घरात कुणी गेलेलं असेल तर आमच्या वाडीत ‘तिच्यासाठी’ किंवा ‘त्याच्यासाठी’ म्हणतात. बाबांना वाईट वाटू नये म्हणून मी घरापुढच्या खळ्यात, अंगणात येऊन बसले, पण तोंड उघडणार नव्हते. ‘तिच्यासाठी’ मी आधीच इतकं मागितलं होतं की आता तो शब्द मला पुन्हा उच्चारायचा नव्हता.

शेजारची शेवंता काकी माझ्या बाजूला बसली होती. ती हिंदू, पण वाडीतल्या खुरसाकडचं, म्हणजे क्रुसाजवळचं, एकही लदीन तिने कधी चुकवलेलं नाही. शेवटी वाटतात त्या उकडलेल्या चण्यांवरून आई तिला चण्यांची भक्तीण म्हणून चिडवायची.

मामाने पहिलं नाव घेतलं. सगळे ‘तिच्यासाठी’ म्हणाले आणि सगळ्यांच्या वर काकीचा खणखणीत आवाज आला, ‘आमच्यासाठी विनती कर’. दुसऱ्या नावालाही तेच. मागे कुणीतरी हसलं, कुणी तिला कोपराने ढोसलं. काकी गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाली, “माका इतक्याच येता गो. तुझ्या आवशीनच शिकयलेला.”

मामा म्हणाला, “र्‍हवांदे. तसाच म्हणया.”

पुढच्या नावाला सगळं खळं ‘आमच्यासाठी’ म्हणालं, आणि त्यात माझाही आवाज होता. मी ठरवून म्हटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, काकीने माझा हात धरला होता आणि मी प्रत्येक नावाला उत्तर देत गेले. आईसाठी मागताना देवाने काय करायचं ते मीच त्याला सांगत होते. आमच्यासाठी नेमकं काय मागायचं, ते मला कळतच नव्हतं. म्हणून पहिल्यांदाच ते मी त्याच्यावर सोडलं. त्या संध्याकाळी बाबा आणि मी आईविषयी बोललो, हसलोसुद्धा.

आई का गेली, हा प्रश्न मी मागे घेतलेला नाही. पण आता तो मी देवाजवळ बसून विचारते. उत्तर येईपर्यंत बसून राहण्याइतकी शांती त्याने मला दिली आहे. त्याबद्दल मी रोज त्याचे आभार मानते.