गरजेपोटी केलेली आवृत्ती

आमच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीची घोषणा मी लिहिली होती. शेवटच्या ओळीसकट. ती ओळ बदलली गेलीय, हे मला बोनकोड्याहून आलेल्या फोनवर कळलं.

"बाय, मी अनधिकृत हाय का गं?"

मला वाटलं, घराला नोटीस आली. बोनकोडे म्हणजे कोपरखैरण्याच्या सेक्टरांमध्ये उरलेलं मूळ गाव. शहरासाठी जमिनी गेल्या, गावाची आखलेली हद्द तेवढीच राहिली. पोरांची लग्नं झाली, घरांवर मजले चढले. त्या मजल्यांना कागदावर अनधिकृत म्हणतात. गाव म्हणतं, गरजेपोटी बांधलेली घरं. कॉलेजात असल्यापासून मी 'अनधिकृत' या एका शब्दाविरुद्ध पत्रकं लिहितेय, वाटतेय, शिव्या खातेय. त्यामुळे तो शब्द ऐकला की माझं डोकं आपोआप तापतं.

"घराचं नाय गं. तुमचा मेसेज बघ. खालची ओळ."

बघितला. 'जुन्या संगणकांसाठी फिरत असलेल्या अनधिकृत आवृत्त्यांशी आमचा संबंध नाही.'

आता हे सॉफ्टवेअर काय, ते सांगते. मराठीत पत्रकं, हँडबिलं मांडायचं. फुकट आणि खुलं: कोणीही घ्यावं, आतलं बघावं, बदलावं, वाटावं. नेरूळच्या एका फ्लॅटमध्ये जमणाऱ्या चार टाळक्यांनी ते बनवलं, पण चालायचं फक्त नव्या मशीनवर. बोनकोड्याच्या वाचनालयात मात्र कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर. फोनवरची ही ताई गावातलीच, महाप्याला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. ती रविवारी बसली, आमचा कोड उघडला आणि या डबड्यांवर तो चालता केला. एका जातीच्या मशीनसाठी लिहिलेलं दुसऱ्या जातीच्या मशीनवर नेणं, याला पोर्ट करणं म्हणतात. आम्ही तिला सांगितलं नव्हतं. पगार तर कुणालाच नाही. मग जिथेजिथे जुनी मशीन होती तिथले लोक तिची आवृत्ती उतरवून घ्यायला लागले, अडलं की तिलाच फोन करायला लागले, आणि ती उत्तरं देत राहिली.

मी लिहिलेल्या ओळीत तिचं नाव होतं. पूर्ण नाव, आणि आभार.

"आमच्या अध्यक्षकाकांनी वाचलं," ती म्हणाली. अध्यक्षकाका म्हणजे वाचनालयाचे. "ते म्हनतात, आधीच घरांचं टेन्शन हाय, त्यात वाचनालयात पन अनधिकृत नको. रविवारी सगल्या मशीनवरनं काढून टाक."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हननार? तुमीच लिवलंय ना, संबंध नाय."

फोन ठेवला तिनं.

मी तशीच नेरूळला गेले. आमचा संयोजक त्याच्या सोसायटीच्या गेटवर पार्सलची वाट बघत उभा होता. चांगला मुलगा आहे. म्हणून तर जास्त चीड येते.

"ती ओळ तू बदललीस?"

"अगं, इंग्रजीत अनऑफिशियल म्हणतात. मराठीत अनधिकृत. डिक्शनरीत बघ."

"डिक्शनरी कोपरखैरण्याला राहते का?"

"शब्दाचा काय एवढा इश्यू करतेस?"

"मग तुमच्या गेटवर लावते पाटी. 'अनधिकृत सोसायटी.' बघू किती वेळ टिकते. ती काढायला सेक्रेटरी जेवण संपेपर्यंत तरी थांबेल का?"

वॉचमन हसला. संयोजकाला ते आवडलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, मागे कोणीतरी असाच एक पोर्ट केला होता, त्यात लोकांच्या फायली उडाल्या. शिव्या मला पडल्या. नाव दिलं की जबाबदारी आपल्यावर येते."

हे खोटं नव्हतं. त्या शिव्या मी वाचल्या होत्या. पण केलं कोणी ही एक ओळ, बिघडलं तर विचारायचं कोणाला ही दुसरी ओळ. आमच्या साध्या पत्रकावरसुद्धा मजकूर कोणाचा आणि छापलं कुठे, हे वेगवेगळं असतं. ते न लिहिता पत्रक वाटलं तर पोलीस आधी तेच विचारतो. एवढी अक्कल हवालदाराला असते आणि मोफत ज्ञानाच्या गप्पा मारणाऱ्यांना नसते!

"आणि आभार मानायला लागलो," तो म्हणाला, "तर उद्या बॅनर होईल त्याचा. अमुक यांच्या अथक प्रयत्नांना यश. खाली शुभेच्छुकांचे फोटो."

"गटार साफ झालं तरी ज्या शहरात माणसाचा दहा फुटी फोटो लागतो, तिथे तू एका बाईला अर्धी ओळ देताना बॅनरला घाबरतोस?"

"बरं बाई. 'समुदायाने केलेली आवृत्ती' असं लिहू. झालं?"

"समुदायाला फोन करून बघ. उचलतो का."

पार्सल आलं, त्यानं ओटीपी सांगितला, आणि मग दमलेल्या आवाजात म्हणाला, "मग तूच सांग, काय लिहू? अधिकृत लिहिणार नाही. ती आपण तपासलेली नाही."

तेही बरोबरच. मी तिथूनच तिला फोन लावला, स्पीकरवर.

"अधिकृत नको," ती म्हणाली. "मना कुनाचा शिक्का नको. गरजेपोटी लिव."

मी इतकी वर्षं तो शब्द घरांसाठी छापत होते, आणि मला तो सुचला नव्हता.

"आनि नाव पूर्न टाक. बापाचं पन. गावाचं पन. 'एका कार्यकर्तीनं' बिर्यकर्तीनं चालनार नाय. बिगडलं तर मना फोन करा, ते पन लिव. तुमच्या त्या सायबाला झोप लागू दे."

साहेब स्पीकरवर ऐकतच होता. त्यानं मोबाईल काढला आणि माझ्यासमोर उभा राहून टाईप केलं: जुन्या संगणकांसाठीची आवृत्ती गरजेपोटी केली आहे, आणि पुढे तिचं नाव, बापाचं नाव, गाव. अडचण आल्यास त्यांनाच विचारावे. आम्ही ती तपासलेली नाही. आम्ही त्यांचे आभारी आहोत. शेवटचं वाक्य त्यानं स्वतःहून घातलं. ते मी मोजून त्याच्या खात्यात टाकते, जास्त नाही.

रविवारी मी वाचनालयात गेले. अध्यक्षकाकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, नवी घोषणा बोट फिरवत वाचली. 'गरजेपोटी'वर बोट थांबलं. मग तिच्या बापाच्या नावावर.

"हा तर आपला," ते म्हणाले. जणू तिनं नाही, बापानंच रविवार घालवले. मग तिच्याकडे वळून, "राहू दे मशीनवर. पन यांनी हे आधीच लिवायचं ना?"

"मी लिहिलं होतं, काका."

"मग पुसलं कुनी?"

ताई हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. मला हसू आलं नाही.

कारण पहिला मेसेज अजून फिरतोय. ग्रुपवरून तो सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत कधीच टळली होती. 'संबंध नाही' लोक धडाधड फॉरवर्ड करतात. दुरुस्ती कोणी करत नाही, तिच्यात मसाला नसतो. परवा तर अध्यक्षकाकांनीच तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'हे काय परत? काढू काय?'

मी बाजारात होते. भाजीची पिशवी दोन पायांत धरली आणि टाईप केलं: काका, मशीनला हात लावू नका. हा मेसेज जुना आहे. जिच्यात आपल्या ताईचं नाव आहे, ती घोषणा खरी.