देओलिंदा मावशीचं दार

आमच्या गावात किल्ली दाराला बाहेरून लावून ठेवतात. सकाळी उठायचं, आतली किल्ली काढून बाहेरून कुलपात घालायची आणि दार नुसतं लोटून घ्यायचं. किल्ली दिसली म्हणजे माणूस घरात आहे आणि धडधाकट आहे. नऊ वाजले तरी ती दिसली नाही, तर शेजारीण येऊन दार ठोठावते.

गावाच्या जुन्या तटाच्या आत आता अशा अकराच किल्ल्या उरल्या आहेत. बाकीच्या घरांत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. तिथे आकडे दाबले की दार उघडतं. पाहुणे एव्होरा शहरातून बसने येतात, पांढऱ्या भिंतींचे फोटो काढतात. लोटलेलं दार आणि त्यावर किल्ली दिसली की त्यांना वाटतं, आत संग्रहालय असणार.

देओलिंदा मावशीचं घर वेशीला लागूनच, त्यामुळे पहिला मान तिचा. एकदा एक जोडपं येऊन तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसलं आणि काय काय मिळेल म्हणून विचारू लागलं. तिने त्यांना शिळ्या पावाचं कोथिंबीर-लसणाचं सूप वाढलं आणि नंतर भांडी घासायला लावली. मात्र एप्रिलमध्ये ती परातीत पाय बुडवून बसली असताना एक माणूस आत शिरला आणि फोटो काढून गेला. तो फोटो तिच्या भाच्याला, आबेलला, फोनवर दिसला. गल्लीतल्या दोन घरांत त्याच्याच खोल्या आहेत.

"मावशी, जगातल्या कुणीही यावं आणि तुझे पाय बघून जावं?"

"बघू दे की. एक्याऐंशी वर्षं चाललेत ते. त्यांना कशाची लाज?"

"उद्या कुणी डोक्यात काठी घातली तर?"

"तर सकाळी किल्ली दिसली नाही की कुणीतरी येईल. एर्मेलिंदाकडे कोण आलं?"

एर्मेलिंदा तिसऱ्या घरात राहायची. लिस्बनला राहणाऱ्या तिच्या मुलांनी तिला आपोआप बंद होणारं कुलूप बसवून दिलं होतं, बाहेर किल्ली ठेवायची सोयच नाही. फेब्रुवारीत ती स्वयंपाकघरात पडली. चौथ्या दिवशी पोस्टवाल्या बाईला शंका आली.

रविवारी मावशी चर्चमधून परतली, तेव्हा तिच्या दाराला तसंच कुलूप बसलं होतं. जुनं कुलूप आणि किल्ली आबेलने नेली होती.

ती भांडायला गेली नाही. मी समोरच्याच घरात राहते; तिने मला हाक मारली.

"पहार आण गं."

आमच्याकडची जुनी दारं बिजागरीच्या खिळ्यांवर नुसती बसवलेली असतात. मी खालून पहार लावली, तिने कडा धरली. दार अलगद वर आलं. आम्ही ते गल्लीत दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं आणि तिने त्याला निळ्या रंगाचा एक हात दिला. घराच्या उंबऱ्यावर आता फक्त माश्या अडवणारा पट्ट्यांचा पडदा उरला.

रंग संध्याकाळपर्यंत वाळला. मावशीच्या लेखी वाळला नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्या दारावर वालासारख्या जाड फावाच्या शेंगा ओतल्या. शेजारची फेलिझ्मिना खुर्ची घेऊन आली, मग आणखी दोघी. चौघी दाराभोवती बसून शेंगा सोलू लागल्या. आबेलचे पाहुणे येऊन विचारू लागले, आज कसला सण आहे?

"दार जागेवर लाव, मावशी," आबेल म्हणाला. "रात्री वारा किती गार असतो."

"रंग ओला आहे."

तिसऱ्या दिवशीही रंग ओला होता. चौथ्या दिवशी ती खोकू लागली, तरी ओलाच.

"कसला रंग आहे हा?"

"आपल्या घराण्यातला. वाळायला वेळ घेतो."

फेलिझ्मिना शेंगांवर तोंड वाकवून हसली. आबेलला हसू आलं नाही. तो खोकल्याकडे कान देऊन उभा होता.

सहाव्या दिवशी सकाळी तो पान्हे आणि जुनं कुलूप घेऊन आला. त्याने नवीन कुलूप काढलं, जुनं बसवलं.

"किल्ली?" मावशी म्हणाली.

त्याने ती खिशातून काढून तिच्या तळहातावर ठेवली. मग दोघांनी मिळून दार उचललं. ते खिळ्यांवर बसल्यावर तिने आधी तपासलं, कुरकुरतं ना. कुरकुरलं.

"पाहुण्यांना सांगून ठेव, किल्ली असली तरी आधी दार वाजवायचं."

"पाटी लावतो."

"पाटी नको. तोंडाने सांग. आणि तू रोज पाव आणायला इथूनच जातोस ना? मान वळवून बघत जा."

"बघेन."

काल नऊ वाजून गेले तरी तिची किल्ली बाहेर नव्हती. मी रस्ता ओलांडणार, तोच आबेल पावाची पिशवी टाकून धावला. दोन्ही मुठींनी दार बडवू लागला. मावशी, मावशी म्हणून ओरडू लागला.

दार आतून उघडलं. मावशी वेणीफणी करून, शाल घेऊन तयार होती. किल्ली तिच्या हातात होती.

"सात मिनिटं उशीर केलास," ती म्हणाली आणि त्याच्या अंगावरून हात नेऊन तिने किल्ली बाहेरून कुलपात घातली.