पयली हाक भुताची

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या जन्मात कुणाच्याही पहिल्या हाकेला ओ दिली नाही. प्रत्यक्ष यमराज रेड्यावर बसून आमच्या कडाव गावात आला असता तर त्यालाही घसा खाकरून दुसऱ्यांदा हाक मारावी लागली असती. "पयली हाक भुताची, दुसरी मानसाची," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. भूत एकदाच हाकारतं, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक. पण मामांनी हा नियम भर दुपारी, भर बाजारात, थेट जेवणाच्या पाटापर्यंत आणला होता. मामी भात वाढून एकदा बोलावत आणि मामा दुसऱ्या हाकेची वाट बघत ओटीवर ढिम्म. एकदा शेजाऱ्याने "पेंढा पेटला!" म्हणून बोंब ठोकली, तर दुसरी बोंब येईपर्यंत निम्मी गंजी खाक. "पेंढा गेला, पन भूत फसलं का नाय?" वर मलाच डोळा मारून विचारलं.

दुसरा नाद जनावरांचा. कर्जत ते खालापूर रानातलं झाडून प्रत्येक जनावर आपल्याला ओळखतं अशी त्यांची खात्री होती. धामण आडवी आली की टोपी काढून "जा बाय, घाई नाय," म्हणत, आणि ती खरंच सावकाश जाई! त्यामुळे खाडीवर गुलाबी पाखरं उतरतात असं कुणी बोललं, तेव्हा आपली ओळख नसलेलं जनावर जगात उरलंय या विचाराने त्यांना घास जाईना. दिवस लढाईचे, पेट्रोल मिळेना. कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार चढावर आम्ही ढकलली, उतारावर तिने आम्हाला. पुढे बैलगाडी, आणि मग पाताळगंगेची खाडी.

सकाळी एका कोळ्याने होडीतून आम्हाला तिवरांच्या रानाशी उतरवलं. "पाव्हनं, भरतीच्या आदी माघारी फिरा," म्हणून तो जाळ्याकडे गेला, आणि मागोमाग धुकं आलं. चिखलातून झाडांची मुळं पुरलेल्या माणसाच्या बोटांसारखी वर आलेली. पाखरू एकही दिसेना. नुसता डोक्यावरून पंखांचा आवाज. आणि मासे चालत होते. होय, चालत! एक निवटी मुळावर चढून आमच्याकडे डोळे वटारून बसली.

"जावईबापू," मामा कुजबुजले, "हितलं कुनी मला वळखत नाय."

तेवढ्यात पायाशी ओहोळ वाहू लागला, तो समुद्राकडून डोंगराकडे. आम्ही उल्हास नदीची माणसं. आमचं पाणी एकाच दिशेला जातं. भुताचे पाय उलटे असतात, पण पाण्याचेही? मामा बघत राहिले आणि मांडीपर्यंत रुतले. हात द्यायला गेलो, तो मीही.

धुक्यातून हाक आली. "दादा! हिकडं ये, हिकडं!"

मी ओ देणार, तोच मामांचा चिखलाने माखलेला पंजा माझ्या तोंडावर. "गप ऱ्हावा. दुसरी येऊ द्या."

दुसरी आली नाही. पाणी कमरेला आलं. मी होडीवाल्याला हाक मारली; पलीकडे वल्ह्याचा आवाज थांबला आणि सगळं चिडीचूप. म्हणजे कोळीही त्याच शाळेतला! दुसरी हाक मारली, तरी गप्प. कोळ्यांत बहुधा तीन हाकांचा रिवाज असावा. पाणी छातीला लागलं, तेव्हा मामांनी मला खांद्यावर रेटलं. "भाचीचं कुकू बुडू देनार नाय मी!" म्हणत ते स्वतः खाली दबत गेले, आणि शिव्या घालू लागले. कोळ्याच्या नावेपासून पणज्यापर्यंत काही सोडलं नाही. भूत काहीही करील, शिवी देणार नाही.

"आरं, मानूसच हाय की!" धुक्यातून आवाज आला, आणि आमच्या पणज्याचा उद्धार करत होडी आली.

होडीत मामांनी धापा टाकत विचारलं, "दादा म्हून पयली हाक तूच मारलीस न्हवं?"

"म्या? नाय बा. आनि तुमाला दादा कशापाई म्हनीन?" मी हाकेची दिशा दाखवली, तसं त्याने तिकडे वल्हं केलं. "तिथं तर डोह हाय."

 मामा वळून डोहाकडे बघू लागले.

"मला दादा म्हननारी येकच व्हती," ते म्हणाले. "तुमची सासू. तुमच्या लग्नाआदीच गेली, तुमी नाय बघितली तिला." मग अगदी हळू, "ओ द्यावीशी लय वाटली, जावईबापू."

आणि खाडीचं पाणी ओंजळीत घेऊन, लेकराचं धुवावं तसं, ते माझ्या तोंडावरचा चिखल धुऊ लागले.