फाल्गुनातली रजा

दयानंद गायकवाडांना सबंध नोकरीत सगळ्या रजा मिळाल्या. आजारपणाची मिळाली, बहिणीच्या लग्नाची मिळाली, मुलगा झाला तेव्हाची मिळाली. फाल्गुनातली रजा तेवढी कधी पदरी पडली नाही.

ते वनरक्षक होते. राहायला कोळवण खोऱ्यात आणि नोकरी मुळशी धरणाच्या पलीकडे, ताम्हिणीच्या अंगाला. त्या रानात पावसाळाभर दहा पावलांपुढचं दिसत नाही. धुकं झाडांच्या बुंध्यांपर्यंत खाली उतरतं, अंगावरचा कपडा अंगावरच ओला राहतो, आणि संध्याकाळी गमबूट काढला की जळवांनी मोजा लाल झालेला असतो. थंडी सरून सावरीला फुलं आली की तेच रान बघता बघता वाळतं. गुडघाभर गवत कडकडीत होतं. कुणी गुराखी विडी टाकतो, कुणी पर्यटक चूल पेटवून तशीच सोडून जातो, आणि डोंगर पेटतो. त्या दिवसांत वनरक्षकानं आपली हद्द सोडायची नाही, असा खात्याचा नेमच होता.

आणि दयानंदना नेमकं त्याच दिवसांत वाळवंटात जायचं होतं.

हे वेड त्यांना लागलं ते तरुणपणी, चंद्रपूरला प्रशिक्षणाला गेले तेव्हा. तिथं राजस्थानातूनही काही वनरक्षक आले होते. दयानंदच्या शेजारच्या खाटेवर सुमेरसिंग भाटी नावाचा उंच, हडकुळा गडी होता. जैसलमेरच्या पुढं वाळवंटात जे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं तो माळढोक पक्ष्यांची राखण करायचा. त्याच्याकडं त्या पक्ष्याला गोडावण म्हणतात. जेवणं झाली की दोघं पायरीवर बसायचे. दयानंदचं हिंदी मोडकंतोडकं, सुमेरसिंगचं मारवाडी वळणाचं, पण रान दोघांनाही कळत होतं.

"हमारे यहाँ सुबह जो ऊँट निकला, वो दोपहर तक दिखता है," सुमेरसिंग म्हणाला.

दयानंदना ते खरंच वाटेना. त्यांच्याकडं एखादी गाय करवंदीच्या जाळीमागं गेली की ती शोधण्यात दिवस जायचा. ते जन्मले ते डोंगराच्या कुशीत. घराच्या पूर्वेला डोंगर, पश्चिमेला डोंगर. सूर्य उशिरा वर यायचा आणि लवकर आड जायचा. आभाळ चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"फागुन में आना," सुमेरसिंग म्हणायचा. "रोहिड़ा फूलता है. पत्ता कम, फूल ज़्यादा. हिरन के बच्चे दौड़ते हैं. गर्मी अभी चढ़ी नहीं होती."

त्यालाही दयानंदकडचं ऐकायचं वेड होतं. पाणी कड्यावरून पडता पडता वाऱ्यानं उलटं वर जातं, हे त्यानं तीन-तीनदा सांगायला लावलं. तोही मुळशीला येणार होता, ऐन पावसात. पण पावसाळा म्हणजे गोडावणची अंडी घालण्याची वेळ. तेव्हा त्याची रजा बंद. दोघांनाही हे उमगलं तेव्हा दोघं हसले होते. चंद्रपुराहून निघताना त्यांनी पत्ते दिले-घेतले, आणि पुढं मोबाइल आल्यावर नंबरही.

मग दरवर्षी होळीला फोन व्हायचा. "इस बार?" तिकडून विचारणा व्हायची. "इस बार भी नहीं," दयानंद म्हणायचे. श्रावणात हेच उलटं व्हायचं.

फोन ठेवला की ते अंगणात जाऊन उभे राहायचे. समोर डोंगर. त्याच्या पलीकडं काय, तर आणखी डोंगर. त्यांची बायको चंद्रकला भात गिरणीला न्यायचं असो की पाणी भरायचं असो, त्या वेळी त्यांना हाक मारायची नाही. माणूस घरात असून घरात नाही, हे तिला कळायचं.

एकदा मात्र जायचं अगदी ठरलं होतं. साहेब भला माणूस होता, त्यानं आठवड्याची रजा मंजूर केली. रत्नदीप, त्यांचा मुलगा, तेव्हा शाळेत होता. त्याला आजीकडं ठेवायचं ठरलं. चंद्रकलानं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि दोघांचे कपडे एका बॅगेत बसवले. सकाळी जीपची वाट बघत फाट्यावर उभे होते, तर वरच्या पठारावर धूर दिसला.

दयानंदनी आधी धुराकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"जावा तुमी," चंद्रकला म्हणाली. "बॅग मी नेते माघारी."

त्या वणव्यात त्यांच्याबरोबर विश्राम नावाचा वनमजूर होता. ओल्या फांद्यांनी आग झोडपता झोडपता वारा फिरला आणि विश्राम आत सापडला. दयानंदनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि पाठंगुळीला घेऊन खाली आणलं. त्याचे दोन्ही पाय पोळले होते. पुढं कित्येक दिवस तो दवाखान्यात होता. वाळवंटासाठी केलेल्या दशम्या विश्रामच्या बायकोनं आणि चंद्रकलानं दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून खाल्ल्या. विश्राम बरा झाला, पण चालताना पाय ओढायला लागला तो कायमचाच. त्यानंतर दयानंदनी फाल्गुनात रजेचा अर्ज केला नाही. सुमेरसिंगला फोन करत राहिले, आणि "इस बार?" या प्रश्नाला "रिटायर होने के बाद" असं उत्तर द्यायला लागले.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. पौडच्या ऑफिसात शाल-नारळ मिळाला, भाषणं झाली. त्यांच्या जागी सृष्टी नावाची मुलगी आली. नवी, चपळ, आगीच्या वाटेतला पालापाचोळा उडवायचं यंत्र पाठीवर बांधून डोंगर चढणारी. दयानंदनी तिला हद्द फिरून दाखवली आणि घरी आले. पहिला पावसाळा त्यांनी पडवीत बसून काढला. भातकापणी झाली. माघ लागला तसे ते अस्वस्थ व्हायला लागले.

रत्नदीप आता हिंजवडीला नोकरीला होता आणि नेऱ्याला भाड्याच्या खोलीत राहायचा. रविवारी घरी आला की लॅपटॉप उघडून बापापुढं ठेवायचा.

"बाबा, हे पॅकेज बघा. तंबूत राहायचं, उंटावरून फिरवतात, संध्याकाळी नाच-गाणी. सगळं त्यांच्याकडंच."

"मला उंटावर बसायचं न्हाई," चंद्रकला आतून म्हणाली.

"नाच बघाया कशाला तितं जायचं?" दयानंद म्हणाले. "मला ते रान बघायचंय. वाळूच्या टेकड्यांवर फोटो काढत्यात, ते न्हाई. गवताचं रान हाय तितं. सुमेरसिंग म्हायती देईल सगळी. त्यालाच इचारतो."

होळी अजून लांब होती, तरी त्यांनी फोन लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा एका तरुण माणसाचा आवाज आला. सुमेरसिंगचा मुलगा, मनीष. जोधपूरला शिक्षक होता. त्यानं सांगितलं ते ऐकताना दयानंद हळूहळू पडवीच्या कट्ट्यावर टेकले. दिवाळीच्या सुमारास वडिलांना अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. मनीषनं त्यांना गावाहून जोधपूरला आणलं होतं.

"सुनते सब हैं, अंकल," मनीष म्हणाला. "मैं फ़ोन उनके कान पे लगाता हूँ. आप बोलिए."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी दयानंद म्हणाले, "सुमेर, मैं रिटायर हो गया. अब छुट्टीच छुट्टी है."

पलीकडून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. रडणं होतं की हसणं, हे दयानंदना कळलं नाही, आणि मनीषनंही सांगितलं नाही.

त्या दिवसानंतर लॅपटॉप बंद झाला. रत्नदीपनं दोनदा विचारलं, दयानंद म्हणाले, बघू. गवताचं रान, हरणं, क्षितिज, सगळ्यावरची त्यांची वासनाच उडाल्यासारखी झाली. सुमेरसिंगशिवाय तिथं जाऊन उभं राहायचं कुणाशेजारी?

चंद्रकलानं काही दिवस वाट पाहिली. मग एका दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुमाला रान बघाया जायचं हुतं, का त्या माणसाला भेटाया?"

दयानंद तांदळातले खडे वेचायला लागले.

"मग माणूस बघाया जाऊ. रान बघाया मिळालं तर मिळालं. तुमच्या सायबांनी आता रजा अडवली न्हाई. तुमीच अडवताय."

रत्नदीपनं दोघांची जोधपूरच्या गाडीची तिकिटं काढली. निघायच्या सकाळी तो त्यांना स्टेशनावर सोडायला मोटार घेऊन आला. पिरंगुटच्या वाटेला लागले, आणि दयानंदनी मागं वळून पाहिलं तर डोंगराच्या सोंडेवर पांढुरकी रेघ उठली होती. त्यांनी गाडी थांबवायला लावली. चंद्रकलानं डोळे मिटून घेतले. दयानंद खाली उतरले, रस्त्याच्या कडेला गेले आणि सृष्टीला फोन लावला.

"बघितलाय काका," ती धापा टाकत म्हणाली. "आमी पोचलोय हितं. खाली गवत आधीच जाळून पट्टा मोकळा केलाय न्हवं, त्या जाळरेषेवर अडलीय आग, वर न्हाई जाणार. तुमी कुटं हाय?"

"गाडीत. वाळवंटाला चाललोय."

"मग जावा की. का हितंच ऱ्हाताय?"

ते गाडीत येऊन बसले. पुण्याच्या स्टेशनावर पोचेपर्यंत त्यांनी मोबाइल हातातच धरून ठेवला होता. गाडी सुटण्याआधी सृष्टीचा निरोप आला, विझली म्हणून.

जोधपूरला मनीष स्टेशनवर घ्यायला आला. घरी खिडकीजवळच्या खाटेवर सुमेरसिंग उशाला टेकून बसला होता. दयानंदच्या डोळ्यांपुढं होता तो काळ्या मिशांचा तरुण गडी. समोर होता एक पिकलेला, एका बाजूला कललेला म्हातारा. त्याच्याही डोळ्यांपुढं कुणी दुसराच असणार. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग सुमेरसिंगनं डावा हात पुढं केला आणि दयानंदनी तो दोन्ही हातांत घेतला. चंद्रकला आणि मनीषची बायको स्वयंपाकघरात गेल्या. एकीला मारवाडी येत नव्हतं, दुसरीला मराठी, तरी थोड्या वेळानं आतून बोलण्याचा आवाज यायला लागला.

संध्याकाळी मनीषनं बेत सांगितला. उद्या तो या दोघांना मोटारीनं जैसलमेरला नेणार होता, तिथून उद्यानात. बाबा घरी थांबतील.

"सुमेर को भी लेके जाते," दयानंद म्हणाले.

मनीष घुटमळला. रस्ता लांबचा. डॉक्टर काय म्हणतील? "और अंकल, बाबा ने एक बार भी जाने की बात नहीं की."

"बोलता नहीं, तो कैसे करेगा?" दयानंद म्हणाले.

मनीषनं वडिलांकडं पाहिलं. सुमेरसिंग खिडकीकडं तोंड करून बसला होता. डाव्या हातानं त्यानं पायांवरची चादर बाजूला सारली होती. मनीष उठला आणि त्यानं डॉक्टरांना फोन लावला. वाटेत थांबत जा, उन्हात ठेवू नका, एवढंच डॉक्टर म्हणाले.

उद्यानाच्या चौकीवर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. तिथल्या तरुण गार्डनं गाडीत डोकावलं, आणि पुढं वाकून सुमेरसिंगच्या पायांना हात लावला. त्याला नोकरीची पहिली वर्षं याच म्हाताऱ्यानं शिकवलं होतं. परवानगीचे सोपस्कार झाले. गार्ड स्वतः पुढं बसला आणि आतल्या कच्च्या वाटेनं गाडी निघाली. वाट संपली तिथं त्यानं चौकीतून आणलेली खुर्ची मांडली, आणि त्यानं व मनीषनं मिळून सुमेरसिंगला तीत बसवलं.

दयानंद गाडीतून उतरले, चार पावलं चालले आणि थांबले.

चारी बाजूंनी काहीच नव्हतं. पिवळं गवत होतं, त्यात कुठं कुठं केशरी फुलांनी भरलेलं एखादं झाड होतं, फार लांब पवनचक्क्यांची पाती फिरत होती. पण नजर अडेल असं काही नव्हतं. आभाळ खरंच जमिनीला टेकलं होतं, पाठीमागंसुद्धा. दयानंदनी मागं वळून तेही पाहिलं. इतक्या वर्षांनी इथं आलो, आणि हे एकदाच बघायचं?

चंद्रकला त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. "कुटं बघावं त्येच कळंना," ती हळूच म्हणाली. "लई मोकळं हाय वो. भ्या वाटतंय."

दोन चिंकारा गवतातून उठल्या, थोड्या पळाल्या आणि उभ्या राहून बघायला लागल्या.

इतक्यात सुमेरसिंगनं डावा हात उचलला आणि उत्तरेकडं बोट दाखवलं. तोंडातून आवाज निघाला, "गो... गो..."

सगळे तिकडं बघायला लागले. गार्डनं दुर्बीण लावली. "नहीं साब, आज इधर नहीं हैं," तो म्हणाला. पण सुमेरसिंगचं बोट खाली येईना. दयानंदनी दुर्बीण घेतली. गवत, गवत, एक उघडा दगड, पुन्हा गवत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते बघत राहिले.

"मुझे नहीं दिखा, सुमेर," ते शेवटी म्हणाले.

मनीष वडिलांच्या खुर्चीशी उकिडवा बसला होता. त्यानं बोटाच्या रेषेत पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, बाबा पंछी नहीं दिखा रहे. जगह दिखा रहे हैं. वहाँ गोडावण अंडा देती थी. हम छोटे थे, बाबा घर नहीं आते थे, यहीं बैठे रहते थे."

सुमेरसिंगनं मान हलवली आणि हात मांडीवर ठेवला.

दयानंद त्याच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. दोघं त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. वारा सुटला, गवत एका अंगाला लवलं, उन्हाचा रंग बदलत गेला. मनीषनं एकदा घड्याळाकडं पाहिलं. सूर्य गेला तो डोंगराआड गेला नाही, सरळ जमिनीत उतरत गेला, अगदी शेवटच्या कडेपर्यंत दिसत. तरी दयानंद उठेनात.

चंद्रकलानं सुमेरसिंगच्या गुडघ्यांवरच्या शालीचं टोक नीट केलं आणि नवऱ्याला विचारलं, "झालं का मनासारकं?"

"न्हाई अजून," दयानंद म्हणाले. "उद्या परत येऊ."

मनीषनं ते ऐकलं. मराठी त्याला येत नव्हतं, पण तेवढं त्याला समजलं असावं. त्यानं गार्डला विचारलं, सकाळी चौकी किती वाजता उघडते.