गार पाणी आणि मीठ

बस आली तेव्हा माय माझं कपड्यांचं गाठोडं पोटाशी धरून उभी होती. कंडक्टरने ते टपावर टाकायला मागितलं तर तिने दिलं नाही. आत तीन पांढऱ्या साड्या होत्या, नर्सिंगच्या शाळेने सांगितल्या होत्या तशा, बिनकाठाच्या. तीन दिवस ती त्यांच्यामागे लागली होती. धुतल्या, निळीतून काढल्या, भाताच्या पेजेची खळ दिली. कन्हानला आमच्या खाणीच्या वस्तीत बाहेर दोरीवर टाकलेल्या कपड्यावर तासाभरात काळी पूड बसायची, म्हणून त्या घरातच, चुलीपासून लांब वाळवल्या आणि वरून जुन्या लुगड्याचे दोन पदर गुंडाळले. "मांडीवर घेऊन बस," म्हणाली. "खाली नको ठेवू."

बा थोडा दूर, चहाच्या टपरीच्या खांबाला टेकून उभा होता. खाणीतली पाळी करून तसाच आला होता. तोंडाला दस्ती लावून खोकत होता. दस्ती म्हणजे रुमाल, पण आमच्या घरात रुमाल कोणी म्हणत नसे. आणि खोकत कोण नव्हतं? खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस खोकायचा. मी हात केला आणि आत जाऊन बसले. खरं सांगायचं तर मला घाई झाली होती. बस सुटेपर्यंतचा वेळ जाता जाईना. सतरा वर्षं काळ्या पाण्याने पाय धुतल्यावर एकदाचं पांढरं नेसायला मिळणार होतं.

आनंदा, तू तेव्हा शाळेत होतास, म्हणून स्टँडवर नव्हतास. परवा तू फोनवर म्हणालास की लेक सुजाता बंगलोरला नोकरीला निघाली आहे, खोली घेऊन राहणार आहे, ताई, तिला कपड्यांचे डाग कसे काढायचे तेवढं लिहून दे, तुला मायचं सगळं येतं. मी कागद घेतला. दोन ओळी लिहिल्या, उठले, पाणी प्याले, पुन्हा बसले. तिसऱ्या ओळीपाशी हात थांबला. म्हणून आता सगळंच लिहिते. सुजातालाही वाचू दे.

आधी तिचं काम करते. हळदीचा डाग पडला की मुली घाबरतात, पण हळद सगळ्यात भोळी. साबण लावून कडक उन्हात टाकली की स्वतःच उडून जाते. तेलाच्या डागाला पाणी दाखवायचं नाही. आधी कोरडं पीठ किंवा खडूची भुकटी दाबून ठेवायची, तेल तिने प्याल्यावर मग साबण. लोखंडाच्या गंजाला लिंबू आणि मीठ, आणि पुन्हा ऊन. बाच्या खाणीतल्या कपड्यांना माय आधी काठीने झोडपायची, कोरडेच. कोळसा ओला झाला की सुतात शिरतो, असं तिचं म्हणणं. मग गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी उकळून त्यात धुण्याचा सोडा, रात्रभर भिजवण, सकाळी दगडावर. चार पाण्यांनंतरही पाचवं पाणी राखाडीच निघायचं. आणि रक्ताला गार पाणी. ऊन पाणी पडलं की रक्त कापडात शिजतं आणि मग ते कधीच निघत नाही. गार पाणी, मूठभर मीठ, तासभर भिजवायचं, चोळायचं नाही. हे तिने मला तेराव्या वर्षी शिकवलं, का ते सुजाताला कळेल.

नागपूरला होस्टेलवर माझी पहिली फजिती या ज्ञानानेच केली. महिनाभरात आयोडिनचा थेंब पदरावर पडला. मी पोरीपोरींत मिरवत होते की कुठलाही डाग आणा, काढून देते. नळाखाली धरला, चोळला, आणि तपकिरी डाग बघता बघता काळानिळा झाला. साडीला मायच्या हातची भाताची खळ होती. आयोडिन आणि खळ भेटली की असंच होतं, हे आम्हाला पुढे वर्गात शिकवलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की मायच्या विद्येबाहेरही जग आहे. शेवटी होस्टेलच्या सिस्टरने एक्स-रेच्या खोलीतून चिमूटभर हायपो, फिल्म धुताना वापरतात ती पूड, मागवला, पाण्यात घोळला आणि डाग माझ्या डोळ्यांसमोर पुसला गेला. मला त्या पुडीचा केवढा आनंद झाला. पहिल्या सुट्टीत घरी जाईन तेव्हा मायला दाखवीन, असं ठरवून थोडा हायपो कागदात बांधून ठेवला.

घर तासाभराच्या वाटेवर. तरी चार महिने मी गेले नाही. रविवार मिळायचे, पण एकदा परीक्षा, एकदा महाल भागातल्या बाजारात मैत्रिणीबरोबर खरेदी, एकदा नुसतीच झोप. दसऱ्याला माय आणि तू दीक्षाभूमीवर आलात, पांढऱ्या कपड्यांत. बा आला नव्हता. मायने सांगितलं की पाळी बदलून मिळाली नाही. मी मान डोलावली. एवढ्या गर्दीत तुम्हाला शोधून काढल्याच्या आनंदात मी पुढे काही विचारलंच नाही.

दिवाळीच्या सुमारास गेले. दुपार होती. बा झोपला होता, भिंतीकडे तोंड करून. माय मोरीत होती. मी हायपोची पुडी काढून तिला दाखवायला आत गेले आणि दोरीकडे लक्ष गेलं. दोरीवर आठ दस्त्या होत्या. बाजवळ जन्मभर दोनच होत्या, एक कमरेला, एक वाळत. आणि या आठ अशा पांढऱ्या होत्या की आमच्या वस्तीत तसं कापड कधी पाहिलं नव्हतं. दगडाजवळ वाटीत खडेमीठ होतं. गंजात नववी दस्ती भिजत होती.

"ह्या कोणाच्या वं?"

"तुह्या बाच्याच. घाम लय येते त्याले."

मी गंजात हात घातला. पाणी गार होतं. तोपर्यंत मी चार महिने वॉर्डात काढले होते; पाण्याला आलेला तो फिकट रंग मला कोणी सांगायची गरज नव्हती. मायने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गंज उचलून मोरीत ओतून दिला, जसं काही ओतून दिल्याने मी पाहिलेलं परत जाणार होतं.

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, हिवाळ्यापासून. मागच्या हिवाळ्यापासून. म्हणजे मी मॅट्रिकचा अभ्यास करत होते तेव्हापासून. मी नागपूरचा फॉर्म भरला, निकाल आला, साड्या आणल्या, त्या सगळ्या दिवसांत ती पहाटे आमच्या आधी उठून त्या दस्त्या धुवत होती. घरात वाळवायची सवय माझ्या साड्यांपासून लागली असं मी समजत होते. ती आधीचीच होती.

"मले काहून नाही सांगतलं?"

तिने दस्ती पिळली, झटकली, दोरीवर टाकली. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. बा जागा झाला आणि आतून खोकला आला. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चहा ठेव बाले."

त्या दिवशी बाशी मी कशी बोलले ते तुला आठवत असेल. तू दारात उभा होतास. मुलीने बापाशी तसं बोलू नये. त्याला नोकरी जायची भीती होती. खाणीच्या दवाखान्यात गेला तर खाली उतरू देणार नाहीत, आणि उतरला नाही तर चूल कशावर पेटेल. तो ओरडला नाही. म्हणाला, "दोन वर्सं काढून देतो पोरी. तुही शाळा होऊ दे." त्याने हिशेब माझ्या शाळेवर केला होता, स्वतःच्या छातीवर नाही. मी दुसऱ्या सकाळी त्याला बसमध्ये घातलं. होस्टेलला कळवलं नव्हतं, दोन दिवस गैरहजर राहिले आणि त्याबद्दल शिक्षा भोगली, पण एक्स-रे निघाला. क्षय होता. डाव्या बाजूला जास्त.

इस्पितळात तो साडेतीन महिने होता. रोज सुई, आणि त्या कडू पुड्या, ज्या तो पाण्यात न घालता तशाच गिळायचा आणि मग तासभर कोणाशी बोलायचा नाही. मी ड्यूटी संपली की सायकल रिक्षाने तिकडे, तिथून होस्टेल. त्या दिवसांत मला बसताच येत नसे. लेक्चरला बसले की पाय हलायचे. खोलीवर आले की काहीतरी धुवायला काढायचे, स्वच्छ असलं तरी. मैत्रिणी हसायच्या. एकीने तिची धुतलेली ओढणी माझ्या बादलीत पाहिली आणि रागावली. मी तिला काय सांगणार? हात रिकामे राहिले की मला ती दोरी दिसायची.

मी शाळा सोडून घरी यायचं ठरवलं होतं, हे तुला माहीत नसेल. मायला सांगितलं. ती इस्पितळाच्या पायरीवर बसून भाकर खात होती. घास तोंडात नेताना थांबली, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "येशील तं दार लावून घेईन." आणि उरलेली भाकर संपवली.

बा सुधारला. पूर्ण नाही, पण सुधारला. दीड वर्षं गोळ्या चालल्या. खाणीने त्याला खाली उतरवणं बंद केलं आणि वर दिवे देण्याच्या खोलीत बसवलं. उतरणाऱ्यांना दिवा द्यायचा, वर येणाऱ्यांकडून परत घ्यायचा. सुरुवातीला त्याला त्याची लाज वाटायची. मग तो प्रत्येक दिव्याची काच स्वतः पुसू लागला आणि लाज गेली. त्यानंतर बारा वर्षं जगला. माझं लग्न पाहिलं, तुला खाणीत न जाता बँकेत लागलेला पाहिला.

मी नागपूरचीच झाले. आधी महालात एका खोलीत, मग जरीपटक्याच्या पलीकडे आमचं स्वतःचं घर. गच्ची, नळ, वॉशिंग पावडर, पुढे पुढे मशीनही. पांढरं नेसून ड्यूटीला जायचं, पांढरं नेसून परत. पण एका जागी मी कधी टिकले नाही, हे तुमचे भाऊजी अजून सांगतात. रविवारी सकाळी अचानक कन्हानची बस धरायची, आणि तिथे पोहोचून दोन तास झाले की परतीच्या बसची वेळ विचारायची. तू चिडायचास. म्हणायचास, ताई, एक तर येऊ नको, नाही तर बस. मला दोन्ही जमायचं नाही. तुमच्याकडे आले की वाटायचं, वॉर्डात काहीतरी राहिलं. वॉर्डात असले की वाटायचं, घरी काहीतरी चाललंय आणि मला सांगत नाहीयेत.

बा गेल्यावर माय माझ्याकडे आली, आठ दिवसांसाठी म्हणून. चौथ्या दिवशीच तिची चुळबुळ सुरू झाली. मशीनकडे ती संशयाने बघायची. म्हणाली, नुसतं गरगर फिरून राहिलं, मळ कोण काढते? माझे युनिफॉर्म तिने मशीनमधून काढून पुन्हा हाताने धुतले. दुपारी आम्ही गच्चीवर होतो. ती वाळलेले कपडे काढून देत होती, मी घडी घालत होते. पंधरा वर्षं जे विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं. समोरासमोर बसले असते तर विचारता आलं नसतं.

मी म्हटलं, माय, त्या वर्षी तू मला सांगितलं असतंस तर?

ती उशीच्या खोळीचं टोक शोधत होती.

इतकी वर्षं मी एकच गोष्ट धरून चालले होते. मायने लपवलं, कारण सांगितलं असतं तर मी थांबले असते आणि माझं शिक्षण बुडालं असतं. नवऱ्याला, मैत्रिणींना मी हेच सांगितलं होतं, आणि सांगताना मी चांगली मुलगी असायचे. पण त्या गच्चीवर मला ते पुढे रेटता येईना.

"मी नसती थांबली वं माय," मी म्हटलं. "सांगतलं असतं तरी मी गेलीच असती."

तिने खोळ झटकली.

"माहीत हाय मले."

मग खोळ माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "म्हणूनच नाही सांगतलं. तू गेली असती, अन् जन्मभर म्हनत बसली असती का बापाले असा टाकून आली. तेवढं ओझं तुले काहून द्यायचं?"

मी खोळीची घडी घातली. ती दोरीवरचा पुढचा कपडा काढू लागली. थोड्या वेळाने विचारलं, आज भाजी काय करतेस. मी म्हटलं, वांगं. म्हणाली, तेल हात राखून टाक, काल लय झालतं. संध्याकाळी आम्ही जेवलो. तिने मला नेहमीसारखं वाढलं, पहिली भाकर मला, कारण मी ड्यूटीवरून थकते. सहाव्या दिवशी ती परत गेली आणि मी तिला अडवलं नाही.

सुजाता, तुला डागांचं हवं होतं आणि मी हे सगळं लिहून बसले. घर कशाला म्हणायचं हे मला नागपूरलाही कळलं नाही आणि कन्हानलाही नाही. आजही कुठेही बसले तरी अर्धी उठलेलीच असते. पण त्या दिवशी गच्चीवर एक बाई उभी होती, जिला माझं सगळ्यात वाईट आधीपासून माहीत होतं, आणि ती मला भाजीचं विचारत होती. त्या तेवढ्या वेळापुरती मी घरी होते. तुला निघायची किती घाई झाली आहे ते तुझ्या बापाला दिसतं. तो बोलणार नाही. मायला माहीत होतं तसं त्यालाही माहीत आहे.